अकरा उपाय आणि एक काच

३ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आज सुरुवात हवापाण्यानं करत नाही. काल वर्गाच्या खिडकीची काच पुसताना मला एकदम तुझे गालगुंड आठवले. हसू नकोस. तू नववीत होतीस, मी सहावीत. वसतिगृहाच्या मागच्या आजाऱ्यांच्या खोलीत तुला एकटीला ठेवलं होतं, आणि सिस्टरनी मला बजावलं होतं की सख्खी बहीण असलीस तरी खिडकीच्या बाहेरच उभं राहायचं. मधल्या सुट्टीत मी तिथं यायची. तू आतून काचेवर श्वास सोडून धुकं धरायचीस आणि त्यावर बोटानं लिहायचीस. आज पुन्हा सूप. सोमवारी सोडणार. एकदा शब्दच नव्हते, नुसतं भोपळ्याएवढं तोंड काढलं होतंस, दोन्ही गाल टम्म. मी बाहेरून नाक काचेला लावून हसत होते आणि नाक गार पडलं होतं. एवढंच. त्यात सांगण्यासारखं काहीच नाही, पण काल फडकं तसंच हातात राहिलं.

आता मुद्द्यावर येते. तुला माझं काम माहीत आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं. एकतीस वर्षं झाली. या कामाला फळा कमी आणि तोंड जास्त लागतं. मूल माझ्या पुढ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसतं, माझे ओठ बघतं, गळ्यावर हात ठेवून थरथर बघतं आणि तळहात माझ्या तोंडापुढे धरून वारा बघतं. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. खोटं वाटत असेल तर आरशापुढे म्हणून बघ. पण प म्हटला की तळहातावर टिचकी मारल्यासारखी फुंकर बसते. ती कळली की प आला.

यंदा माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी आहे. एवढीशी, पण सारखी काहीतरी इकडून तिकडे वाहून नेत असते, म्हणून मी तिला मुंगी म्हणते. आई बेकरीत कामाला. पुढचे दोन दात पडलेले. गेल्या आठवड्यात प शिकवायला मी तिचा तळहात तोंडापुढे धरला. पहिल्यांदा तिनं हात काढून घेतला. दुसऱ्यांदा नाक चिमटीत धरलं. तिसऱ्यांदा मात्र फार समजूतदारपणे स्वतःच्या डब्यातलं अर्धं सफरचंद काढून माझ्या हातावर ठेवलं, माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग सफरचंदाकडे. खा म्हणजे बरं वाटेल, असं.

ताई, मी ते सफरचंद खाल्लं. दुसरं काय करणार होते? पण तेव्हापासून मागचं एकेक आठवतंय. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाई माझ्याशी बोलताना खिडकीशी जाऊन उभ्या राहतात. मला वाटायचं त्यांना उजेड लागतो. मुलं हल्ली मान मागे नेऊन बसतात. मला वाटायचं मीच फार पुढे सरकते. घरी विचारावं तर आमच्या यांना तीस वर्षं लाकडाला पॉलिश करून करून नाकच राहिलेलं नाही. दूध करपलं तरी यांना धूर दिसतो तेव्हा कळतं. मी विचारलं, तर मला तुझा काहीच वास येत नाही, म्हणाले, आणि वर त्याचा अभिमान!

म्हणून तुला विचारते. गेल्या वर्षी तुझ्याकडे आठ दिवस राहिले. माझ्या तोंडाला वास येतो का? आपल्या दोघींची शपथ आहे, खरं सांग. मुख्याध्यापिकाबाईंनी निवृत्तीनंतर आणखी दोन वर्षं राहा म्हणून विचारलंय. नोव्हेंबरअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. वारा दिल्याशिवाय प शिकवता येत नाही, आणि वारा असा असेल तर लेकरांच्या पुढ्यात बसायचा मला काय हक्क? नकाराचं पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलं आहे. तारीख तेवढी घालायची राहिली आहे.

भावोजींना नमस्कार. तुझा लोभ आहेच. या खेपेला त्यात थोडा खरेपणा मिसळून पाठव.

तुझी,
भिंगरी


१२ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या त्या मुंगीचा मला मनापासून राग आला आणि तिला उचलून घ्यावंसंही वाटलं. अर्धं सफरचंद! तिच्या वयात मी तुला सफरचंदाचा देठसुद्धा दिला नसता.

अगं, कुणाच्या तोंडाला वास येत नाही? सकाळी उठल्यावर राजालाही येत असेल. तू उगीच राईचा पर्वत करतेस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. बोटाला टाचणी टोचली तरी मृत्युपत्र करायला बसायचीस. नकाराचं पत्र आधी फाड. तरी तुझ्या मनाला लागलंच आहे तर काही साधे घरगुती उपाय कळवते. करून बघायला काय जातं?

सकाळी उठल्याउठल्या चमचाभर तिळाचं तेल तोंडात घेऊन पंधरा मिनिटं खुळखुळवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. मग कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या. जीभ घासायला तांब्याची घासणी मिळते, ती घे. जेवणानंतर बडीशेप. वर्गात जाताना दाढेखाली लवंग, आणि पर्समध्ये वेलदोडे असू देत. लिंबाची साल चघळली तर फारच उत्तम, म्हणतात. पुदिन्याची चार पानं. दालचिनी उकळून त्या पाण्यानं चूळ भरायची. दुपारी वाटीभर दही. आणि कांदा-लसूण महिनाभर बंद. तुझ्या यांचं काय, त्यांना तसाही वास येत नाही आणि चवही निम्मीच कळत असेल.

हे सगळं मी दुकानातच गोळा केलं. थंडीआधी लोकर घ्यायला गर्दी असते, आणि विणणाऱ्या बायकांना ठाऊक नाही असा आजार नाही. तुझं नाव अर्थातच काढलं नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना त्रास आहे, असं सांगितलं. परिणाम असा झाला की सगळ्यांना ते माझंच वाटलं. कालपासून बायका गल्ल्याच्या पलीकडूनच रंग सांगतात, आणि एक नर्सबाई पैसे देताना हळूच माझ्या मुठीत पुदिन्याच्या गोळ्या सरकवून गेल्या. तुझ्यापायी माझी अब्रू अशी गेली!

तुझे भावोजी ठीक आहेत. घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून या घड्याळजीनं घरातली सगळी घड्याळं उघडून ठेवली आहेत. सध्या आमच्याकडे चार खोल्यांत चार वेगवेगळे वाजतात, त्यामुळे मला कधीच उशीर होत नाही.

काळजी करू नकोस. आशीर्वाद आहेत, आणि सोबत बडीशेपेची पुडीही आहे. दोन्ही पुरवून वापर.

तुझी,
ताई


२९ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर सोडून त्यात सगळं आहे. मग उपाय मोजले. अकरा भरले. ज्याला काही झालेलं नाही त्याला कुणी अकरा उपाय पाठवत नाही, ताई. तेव्हा उत्तर मिळालं असं मी धरून चालले आहे. तुझ्यावर रागावलेले नाही. निदान आज तरी नाही, कारण सकाळपासून लवंगेनं जीभ बधिर आहे आणि बधिर जिभेनं रागावता येत नाही.

अकराही करून पाहिले, क्रमानं. तेलाचं ऐक. चौथ्या दिवशी तोंडात तेल असताना मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. फोन उचलायला नको होता, पण हात गेला. त्या काहीतरी विचारत होत्या आणि मी गाल फुगवून नुसतं हूं हूं करत होते. शाळेत गेल्यावर कळलं की वार्षिक नाटकासाठी चौदा सशांचे कान शिवायचं मी आनंदानं कबूल केलं आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत एवढे मोठे कान कुणी लिहिले नाटकात, असं मी विचारलं. तर म्हणे मुलांनीच निवडलं, त्यांना फार हसू येतं. रोज जेवण झालं की कान शिवते आहे. हे अस्तर कापून देतात.

लवंग दाढेखाली धरून ल शिकवला. माझी जीभ जडावली होती, आणि मुलं तर मी करेन तसंच करतात. दिवसभर वर्गात सहा जणांनी दातदुखीवाल्या म्हाताऱ्यासारखा ल काढला. लिंबाच्या सालीनं दात इतके आंबले की केळंसुद्धा चावेना. पुदिना बरा, पण पान दाताला चिकटतं आणि मुलं शब्द सोडून पानच बघत बसतात. जीभ घासून मात्र खरंच बरं वाटतं, ते मी सोडणार नाही. दहीही आवडलं. पण मुंगी रोज सकाळी येते, एकदा हुंगते आणि मान हलवते. एखादा दिवस जरा बरा असतो, तेव्हा ती दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवते. एवढंसंच.

मग मी तोंडाला रुमाल बांधून शिकवू लागले. ते तर हात दाखवून अवलक्षण. ज्यांना ओठ वाचायचे आहेत त्यांच्यापुढेच ओठ झाकून बसले! मुंगीनं दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी रुमाल ओढून काढला.

शेवटी यांनी तोडगा काढला. एका जुन्या कपाटाच्या दाराची काच घेतली, तिला सागवानी चौकट केली, खाली दोन पाय लावले आणि वर असं झकास पॉलिश केलं की तिच्यात तोंड दिसावं. आता ती माझ्या आणि मुंगीच्या मध्ये टेबलावर उभी असते. तिला माझे ओठ स्वच्छ दिसतात आणि तिच्या नाकाला त्रास नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही पहिले दोन दिवस खूष होते.

पण प येत नाही, ताई. ती काचेपलीकडून माझे ओठ बघते आणि हुबेहूब तसेच ओठ मिटून उघडते. आवाज नाही, वारा नाही. माशासारखे नुसते ओठ. आणि मी तिला वारा पाठवू शकत नाही, कारण मध्ये काच आहे, आणि ती काच मीच मागून घेतली आहे. तिची आई परवा घ्यायला आली होती. पिठानं पांढरे झालेले हात पुसत तिनं विचारलं की मुलगी आता काय काय म्हणते. मी म्हटलं, ओठ छान हलवते.

त्या दिवशी घरी येऊन खणातल्या पत्राला हात लावला होता. तारीख घातली नाही, एवढं सांगते.

भावोजींना नमस्कार, आणि सांग की आमच्या भिंतीवरचं घड्याळही मागे पडतं, पण ते पाठवणार नाही. माझी आठवण ठेव. उपाय मात्र आता पुरे.

तुझी,
भिंगरी


७ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दुकान आज लवकर बंद केलं. हे पत्र गल्ल्यावर बसून लिहिण्यासारखं नाही.

हो. येतो. गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा पहिल्याच दिवशी तू मिठी मारलीस आणि मला कळलं. त्याच्या आधीच्या वर्षीही थोडा होता. मी काही बोलले नाही. दर जेवणानंतर वेलदोड्याची डबी तुझ्यापुढे धरत राहिले. तू म्हणालीससुद्धा की ताई, या वयात तुझा पाहुणचार फारच वाढलाय. मी हसले. आठ दिवस मी तुझ्याशेजारी नाही, समोर बसत होते, हे तुला आता आठवेल आणि वाईट वाटेल. म्हणून मीच लिहून टाकते.

का सांगितलं नाही? तुला दुखवायचं नव्हतं, असं लिहिणार होते. पण ते निम्मंच खरं. मला अवघड वाटत होतं. माझी अडचण मी तुझ्या भल्याच्या कागदात गुंडाळली. आणि मग तू शपथ घालून विचारलंस तेव्हाही मी अकरा पुड्या बांधल्या. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. सात वर्षांच्या पोरीनं तीन खेपांत जे सांगितलं ते तुझ्या साठीच्या बहिणीला दोन वर्षांत सांगता आलं नाही.

तू गालगुंडांच्या खिडकीची आठवण लिहिलीस. त्यातलं एक तुला माहीत नाही. मी आतून लिहायची आणि तू बाहेरून वाचायचीस, तर अक्षरं तुला उलटी दिसायला हवी होती ना? तुला सरळ दिसायची, कारण मी उलटी लिहायची. आदल्या दिवशी पाटीवर सराव करायची, आरसा धरून. तू तेव्हा कच्ची होतीस वाचनात, उगीच गोंधळशील म्हणून. त्या वेळी काचेपलीकडच्या बहिणीसाठी एवढा खटाटोप केला, आणि आता समोरासमोर एक सरळ वाक्य बोलायला जमलं नाही. याची लाज वाटते.

आता थोरली म्हणून सांगते, ऐक. बडीशेपेनं जे जात नाही त्याचं मूळ दुसरीकडे असतं. तुझ्या वरच्या डाव्या बाजूला तो जुना पूल आहे दातांचा, तू नोकरीला लागलीस त्या वर्षी बसवलेला. त्याला शेवटचं कुणी कधी बघितलं? दातांच्या डॉक्टरकडे जा. काय वाटतंय ते स्पष्ट सांग, मैत्रिणीला त्रास आहे म्हणून नको. त्याचं काय होतं ते मी दुकानात बघितलं आहे.

नकाराचं पत्र पाठवायचंच असलं तर त्यानंतर पाठव. मी अडवणार नाही.

रागाव. पण अबोला धरू नकोस, तेवढा लोभ शिल्लक ठेव.

ताई


२२ ऑक्टोबर

ति. ताईंना,
सा. न. वि. वि.

माझ्या हाताचं पत्र बघून घाबरू नये. सगळं ठीक आहे. तिनं दोन आठवडे लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मला लिहायची सवय नाही. हात कायम पॉलिशचा असतो, कागदावर डाग पडले तर सोडून द्यावं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ती सरळ शिवायला बसली. सशाचे दोन कान शिवले आणि दोन्ही उलटे शिवले. दुसऱ्या दिवशी उसवले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, ताईनं सांगितलं एकदाचं. मग बराच वेळ रडली आणि मग जेवली. रागावलेली होती, पण तो राग बरा होता. आधी ती स्वतःवर रागावली होती, ते मला बघवत नव्हतं.

डॉक्टरकडे मी घेऊन गेलो. डॉक्टरबाई अगदी तरुण आहे. तिनं पूल काढला. खाली दाढ अर्धी किडलेली होती, आणि हिरड्याही सुजलेल्या. दुखत कसं नव्हतं असं विचारलं, तर ही म्हणते, वर्गात दुखायला वेळ कुठे असतो. बाईनं दुसरंही विचारलं, दिवसात पाणी किती पिता. मग निघालं की वर्ग तिसऱ्या मजल्यावर, बाथरूम तळमजल्यावर, आणि हिचे गुडघे दुखतात. म्हणून बारा-पंधरा वर्षं ही शाळेत पाण्याचा घोटही घेत नव्हती. दिवसभर बोलायचं आणि तोंड कोरडं. कोरड्या तोंडाला वास येणारच, असं बाई म्हणाली. मी इतकी वर्षं डबा भरून देतो, बाटली परत येते तेव्हा ती भरलेली असते हे मला दिसलं नाही. माझं नाक गेलंय, डोळे तर होते.

तुमच्या उपायांबद्दलही विचारलं. जीभ घासणं आणि मिठाच्या गुळण्या चांगल्या, म्हणाली. तेलानं नुकसान नाही. लिंबाची साल ताबडतोब बंद. बडीशेप हौस म्हणून. पण मुळावर इलाज केल्याशिवाय हे सगळं म्हणजे ओल्या भिंतीला रंग. हे मला पटलं. कुजक्या लाकडावर कितीही पॉलिश करा, आतून ते सांगतंच.

अजून तीन खेपा आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी तिचा वर्ग तळमजल्यावर हलवला. तिनं मागितला नव्हता, मी जाऊन सांगितलं. त्यावरून मला बोलणी बसली.

एक खासगी सांगतो. मला वास येत नाही म्हणून ती घरात माझ्या अगदी जवळ येऊन बोलते. मला ते आवडतं. ती बरी झाल्यावर सगळ्यांशीच तशी बोलेल, हे मी पत्करलं आहे.

घड्याळजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या डागांसकट स्वीकारावा.

आपला,
पॉलिशवाला मेहुणा


२५ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

अबोला धरला नव्हता. कान शिवत होते. चौदा म्हणजे अठ्ठावीस होतात, हे मला हो म्हणताना सुचलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, तुझ्यावर फार रागावले होते. वासाबद्दल नव्हे. तू समोर बसलीस, शेजारी नाही, ते वाक्य दिवसभर कानात होतं. पण त्याच पत्रात तू उलटी अक्षरं लिहिलीस तेही होतं, आणि पन्नास वर्षांत मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. मला वाटायचं काच म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. तू पाटी आणि आरसा घेऊन बसलेली, गाल सुजलेले, हे डोळ्यापुढे आलं आणि रागाला बसायला जागा उरली नाही.

आता मुंगीचं सांगते. या महिन्याच्या सुरुवातीला एकदम थंडी पडली. डॉक्टरची तिसरी खेप झाली होती, पण माझा धीर होत नव्हता, काच मध्ये होतीच. मुंगी समोर मासा होऊन बसली होती. मला तुझी खिडकी आठवली. मी काचेच्या जवळ तोंड नेलं आणि प म्हटला. काचेवर रुपयाएवढं धुकं उमटलं. मग ब म्हटला, त्याहून लहान. म म्हटला, काहीच नाही. पुन्हा प. मुंगी खुर्चीवर उभी राहिली. तिनं ते धुकं जाताना बघितलं, बोट लावलं, ते बोटाला लागेना कारण ते माझ्या बाजूला होतं. मग तिनं तिच्या बाजूनं तोंड लावलं आणि ओठ हलवले. धुकं नाही. पुन्हा हलवले. नाही. ती चिडली. चिडून फुंकर मारावी तशी तिनं ओठ फोडले आणि काचेवर, माझ्या धुक्याच्या अगदी समोर, तिचं धुकं उमटलं. दोन दात नसल्यामुळे जरा वाकडं.

ताई, एकतीस वर्षांत मी पुष्कळ प ऐकले आहेत. हा मी बघितला.

पुढचं ऐक. दहा-बारा धुकी झाल्यावर तिला काचेचा कंटाळा आला. ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि जुन्या सवयीनं तळहात माझ्या तोंडापुढे धरला. मी तोंड मिटून घेतलं. तिनं दुसऱ्या हातानं माझी हनुवटी खाली ओढली, हे काम माझं असतं एरवी. मी प म्हटला. तिनं हुंगलं. विचार केला. हात पसरून डावा-उजवा हलवला, बरंय म्हणून. आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

तेव्हापासून काच कपाटामागे आहे. रोज सकाळी मुंगी माझी तपासणी करते. आठवतं ना, सिस्टर आपल्याला रांगेत उभं करून नखं, रुमाल आणि दात बघायच्या? तश्शी, कमरेवर हात ठेवून. वास पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरबाई म्हणाली, काळजी घेत राहायचं, हे रोजचंच काम आहे. ज्या दिवशी बोलण्याच्या भरात पाणी विसरते त्या दिवशी दुपारी मुंगी नाक मुरडते, आणि मी गुपचूप गुळणी करून येते. त्यात अपमान वाटत नाही. सांगणारं कुणी आहे, हे फार सुखाचं असतं.

गेल्या सोमवारी तिची आई घ्यायला आली तेव्हा आम्ही अजून बसलो होतो. बोलता बोलता मला खोकला आला. मुंगीनं माझी बाटली आणून दिली आणि म्हणाली, पाणी. णी जरा पाव्यासारखा चिरका निघाला, पण प अगदी ठसठशीत. आईनं दारातच पिशवी खाली ठेवली. मुंगीनं तिच्याकडे बघितलं, तिलाही तहान लागली असेल असं समजून बाटली तिच्याकडे नेली आणि पुन्हा म्हणाली. आई ते पाणी प्यायली. तहान नसणार, पण सगळी बाटली संपवली.

खणातलं पत्र आज बाहेर काढलं. मागची बाजू कोरी होती, त्यावरच हो लिहून मुख्याध्यापिकाबाईंना दिलं. त्यांनी उलटून पुढची बाजू वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या वर्षीच्या नाटकात हत्ती आहेत, एवढंच म्हणाल्या.

उन्हाळ्यात येते आहे, आठ नव्हे, पंधरा दिवस. मी शेजारी बसणार. तुझ्या नाकाला काही जाणवलं तर तिथल्या तिथे सांगायचं, मुंगीसारखं. मी सफरचंद तयार ठेवीन. माया आहेच, आता ती हाताच्या अंतरावरून नको.

तुझी,
भिंगरी

ता. क. सोबत खोकं पाठवते आहे. ज्याचं त्याला नीट दे. लवंगेच्या तेलाची बाटली भावोजींना, दाढ कधी दुखली तर. घड्याळात घालायची नाही. दालचिनी आणि पुदिना त्या नर्सबाईंना, तुझ्या ओळखीच्या बाईंकडून म्हणून, आणि आता त्या बऱ्या आहेत असंही सांग, म्हणजे तुझी अब्रू परत येईल. तिळाचं तेल तुझ्या गुडघ्यांना. बडीशेप मी ठेवून घेतली, हौस म्हणून. सशाचा एक कान जास्तीचा झाला तो दुकानाच्या खिडकीत लाव, लोकर चांगली आहे. वेलदोड्याची डबी तुझी तुला परत; ती माझ्यापुढे पुन्हा धरायची नाही. काच यांना परत देत नाही. दोन वर्षांनी मी शाळा सोडेन तेव्हा ती मुंगीला द्यायची, चौकटीसकट. मी विसरले तर तू आठवण कर. तिच्या बाजूनं पुसू नका म्हणावं, तिथे तिची बोटं उमटली आहेत.